सौर प्रकल्प आणि गावाचे शिवार

कोणत्या जागेवर काय करावे आणि काय करू नये याची रेषा शासनाने आखून द्यावी, ही कल्पना हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांना नवीन नाही. उस्मानसागर व हिमायतसागर या जलाशयांच्या परिसरातील ८४ गावांना तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाच्या ८ मार्च १९९६ च्या आदेशाने एक निराळीच ओळख दिली. 'एकशे अकरा' हा त्या आदेशाचा क्रमांक तेथील शेतकऱ्याच्या तोंडी आपल्या सर्व्हे नंबराइतकाच रुळला. शहराला पाणी पुरविणारे तलाव दूषित होऊ नयेत, म्हणून दूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांना तेथे मनाई करण्यात आली होती. पुढे २०२२ मध्ये आदेश क्रमांक ६९ काढून ही बंधने सैल करण्यात आली. मूळ आदेश योग्य होता की त्याची शिथिलता योग्य, हा वाद येथे प्रस्तुत नाही. कागदावर ओढलेली एक रेषा आपल्या शेताचा उपयोग, त्याचे मोल आणि आपल्या मुलाबाळांचे भवितव्य ठरविते, एवढे मात्र त्या गावांना पुरते उमगले.

सौर ऊर्जेचे प्रकल्प आज ज्या गावांच्या वेशीवर येऊन ठेपले आहेत, त्यांपैकी बहुतेकांना अशा रेषेची सवय नाही. हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शेती, संवर्धन, निवास असे वापर विभाग नकाशावर दाखविलेले आहेत. त्या हद्दीबाहेर पडून आदिलाबादकडे किंवा जुन्या हैदराबाद संस्थानातून महाराष्ट्रात आलेल्या नांदेड, लातूर, परभणीकडे वळले, की बहुतेक खेड्यांत गावकऱ्यांना ठाऊक असलेला नकाशा एकच, तो म्हणजे भूमापनाचा. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने शेती विभागातही अपारंपरिक ऊर्जेच्या निर्मितीस मुभा दिली आहे. तात्पर्य, 'हे शेत आहे, येथे पॅनेल बसणार नाहीत' असे म्हणण्यास शेतजमीन हे कारण पुरेसे नाही.

शासनाने या प्रकल्पांची वाट हेतुपुरस्सर मोकळी केली आहे, हेही समजून घेतले पाहिजे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार लागणारी पूर्वमंजुरी सौर विद्युत प्रकल्पांना लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची जी रंगवारी केली, तीत सौर वीजनिर्मिती 'पांढऱ्या' वर्गात पडली. म्हणजे मंडळाच्या संमतिपत्राचीही गरज नाही, केवळ कळविले की झाले. तेलंगणाच्या २०१५ च्या सौर धोरणाने प्रकल्पाची जमीन, विहित शुल्क भरल्यावर, अकृषिक झाली असे मानण्याची तरतूद केली, जमीनधारणेच्या कमाल मर्यादेतून तिला सूट दिली आणि पंचायतराज व नगररचना खात्यांच्या परवानग्या १४ दिवसांत मिळवून देण्याचे आश्वासन दिले. ग्रामपंचायतीस एकरी २५,००० रुपये एकरकमी विकास शुल्क देण्याचेही त्यात ठरले होते. २०२५ मध्ये या राज्याचे नवे स्वच्छ व हरित ऊर्जा धोरण आले आहे. तेव्हा शुल्काचा चालू दर ग्रामपंचायतीने तेलंगणा नवीकरणीय ऊर्जा विकास महामंडळाकडून लेखी मागवून घ्यावा.

या सवलतींमागील हेतू स्तुत्य आहे. कोळसा जाळावा लागू नये आणि शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पंप सुरू करण्यासाठी विंचूकाट्यातून जावे लागू नये, ही निकड कोण नाकारील? परंतु त्याचा एक परिणाम असा, की औष्णिक केंद्रासाठी जी जाहीर सुनावणी होते, तशी सुनावणी येथे होत नाही. गावाने आपले म्हणणे मांडावयाची जागा म्हणजे ग्रामसभा, आणि मुदत म्हणावी तर दोन आठवड्यांची. एवढ्या अवधीत नकाशे काढणे, सातबारा किंवा पहाणी तपासणे, गुराख्यांना विचारणे हे कोणत्याही सरपंचाच्या आवाक्यातले काम नव्हे. म्हणून अर्ज येण्यापूर्वीच, निवांतपणे, गावाने आपल्या शिवाराची वर्गवारी करून ठेवली पाहिजे. ग्रामसभेच्या अशा ठरावाला विकास आराखड्याचे कायदेशीर बळ नसते हे खरे. पण चौदा दिवसांच्या घाईत ज्या पंचायतीच्या हाती तयार यादी आहे ती बोलू शकते, आणि जिच्या हाती काही नाही ती केवळ शिक्का मारते.

प्रारंभ कोठून करावा? माझ्या मते उपकेंद्रापासून. सौर विजेला विकत घेणारी वाहिनी जवळ हवी असते. म्हणून प्रकल्पाची जागा पिकावरून किंवा मातीवरून ठरत नाही, ती ३३ किलोव्होल्टच्या उपकेंद्रापासूनच्या अंतरावरून ठरते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'कुसुम' योजनेच्या पहिल्या घटकात अर्धा ते दोन मेगावॅटचे प्रकल्प उपकेंद्रापासून साधारणतः पाच किलोमीटरच्या आत अपेक्षित आहेत. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतही हेच तत्त्व आहे. तेव्हा गावच्या नकाशावर उपकेंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले, की कोणत्या शेतकऱ्याच्या दारी मध्यस्थ आधी येणार हे सांगता येते. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते, हा हिशेबही सोबत धरावा. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांकडून हे वर्तुळ काढून घेण्याचा उपक्रम शिक्षकांनी अवश्य करावा. भूगोलाचा तास त्याहून चांगला कारणी लागणार नाही.

त्या वर्तुळातील जमिनी मग एकेक करून पाहाव्या लागतात, आणि येथेच जुन्या हैदराबाद संस्थानाचा वारसा आडवा येतो. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम मराठवाड्यात आणि तेलंगणात, दोन्हीकडे वारशाने आला. एखाद्या जमिनीवर संरक्षित कुळाची जुनी नोंद असेल, तर पट्टेदाराने एकट्याने केलेला भाडेपट्टा पुढे न्यायालयात उभा राहील याची शाश्वती नाही. तेलंगणात १४ एप्रिल २०२५ पासून 'धरणी'च्या जागी 'भू भारती' ही हक्कनोंदीची व्यवस्था आली. तिच्यातील उतारा आणि हाती असलेले जुने पहाणीपत्रक एकमेकांशी जुळतात की नाही, हे पट्टेदाराने स्वतः ताडून पाहिलेले बरे. भूमिहीनांना शासनाने दिलेल्या जमिनींचे हस्तांतर १९७७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. अशा जमिनीचा करार कोणी घेऊन आला, तर त्याला गोड शब्दांत परत पाठवावे. तलावाच्या पोटातील शिखम जमीन उन्हाळ्यात कोरडी व सपाट दिसते, म्हणून ती मोकळी समजू नये. पावसाळ्यात ती तलावाचीच असते.

अनुसूचित क्षेत्राची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांत १९५९ च्या जमीन हस्तांतर विनियमानुसार, १९७० च्या दुरुस्तीसह, आदिवासीखेरीज अन्य कोणाकडे जमीन जाऊच शकत नाही; आणि हस्तांतर या शब्दात भाडेपट्टाही येतो. शासकीय जमिनीसही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या समता खटल्यात सांगितले. राज्याची सीमा ओलांडून किनवटच्या बाजूस आले, तर तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६-अ लागू होतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा व्यवहार जिल्हाधिकारी व शासन यांच्या पूर्वमंजुरीवाचून होत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस सोयरिकी आहेत, बाजार एक आहे, भाषाही पुष्कळ अंशी एक आहे. परंतु कायदा दोन प्रकारचा आहे. एका बाजूस ऐकलेली गोष्ट दुसऱ्या बाजूस खरी मानून सही करणारे अडचणीत येतात.

राहिले गायरान. प्रकल्पासाठी सर्वांत आधी नजर जाते ती त्यावरच, कारण तेथे मालक एक, म्हणजे शासन, आणि मोबदल्याची घासाघीस नाही. कागदावर ते पडीक दिसते. परंतु ज्याच्या घरी चार शेळ्या व एक गाय आहे आणि सातबारा नाही, त्याची तीच शेती असते. गावाच्या सामाईक जमिनींचे रक्षण करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले आहे. सगळेच गायरान राखावे असा आग्रह येथे नाही. खडकाळ, गवतही न उगवणारा भाग कोणता, पाणवठ्याकडे जाणारा भाग कोणता, होळी-पोळ्याला गुरे जमतात ती जागा कोणती, याची निवड कार्यालयातील नकाशा करू शकत नाही. ती गुराखी करू शकतो. त्याला ग्रामसभेत बोलावयास लावले पाहिजे.

भाडेकरार हेच गावाचे नियमपुस्तक

वरील वर्गवारीने कोणती जमीन हे ठरले. कशा रीतीने, हे मात्र ठरते भाडेपट्ट्यात. वीज खरेदीचा करार सामान्यतः २५ वर्षांचा असतो. म्हणून जमिनीचा करारही तितक्याच किंवा अधिक काळाचा असतो. आज चाळिशीतला शेतकरी सही करतो आणि त्याचा नातू जमीन परत घेतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदविलाच पाहिजे. साध्या मुद्रांक कागदावर 'सध्या करून ठेवू' असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी त्याचा कागद कामाचा नाही.

भाड्याच्या रकमेबाबत दोन उदाहरणे पुढे ठेवतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीच्या मूल्याच्या ६ टक्के किंवा हेक्टरी १,२५,००० रुपये, यांपैकी जे अधिक ते वार्षिक भाडे आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. ग्रामपंचायतीस दरवर्षी ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे निधी देण्याचेही ठरले. एकरी हिशेब केला तर पहिल्या वर्षी सुमारे ५० हजार रुपये पडतात, आणि चक्रवाढीने पंचविसाव्या वर्षी हेक्टरी भाडे सुमारे २ लाख ५४ हजारांवर जाते. दुसरे उदाहरण कर्नाटकातील पावगड्याचे. तुमकूर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. तेथे जमीन संपादन न करता भाड्याने घेतली, हे स्वागतार्हच. भाडे एकरी २१,००० रुपये व दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. पंचविसाव्या वर्षी हे भाडे ३८ हजारांच्या आतच राहते. पंचवीस वर्षांपूर्वी शेतमजुरी काय होती आणि आज काय आहे, हे वाचकांनी आठवून पाहावे, म्हणजे वाढीचे कलम पहिल्या वर्षाच्या रकमेइतकेच महत्त्वाचे का, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पावगड्याने आणखी एक गोष्ट दाखविली. भाडे मिळाले ते जमीनधारकाला. त्याच्या शेतावर खुरपणी-कापणी करणाऱ्या मजुराला आणि वाट्याने कसणाऱ्याला त्यातील काही मिळाले नाही. गवत काढणे, पॅनेल धुणे, पहारा अशी कामे थोडी असतात, आणि त्यांवर गावातील कोणाला घ्यावे हे आधी लिहून घेतले नाही तर बाहेरचा कंत्राटदार आपली माणसे आणतो. कोणत्याही कायद्यात न लिहिलेली ही बाब पंचायतीच्या ना-हरकत ठरावात मात्र अट म्हणून लिहिता येते.

जेथे जमीन भाड्याने न घेता संपादित केली जाते, तेथे पंचनाम्यावर सारे अवलंबून असते. धुळे जिल्ह्यातील विखरणची हकिगत महाराष्ट्र विसरलेला नाही. औष्णिक प्रकल्पासाठी सुरू झालेले तेथील संपादन पुढे सौर प्रकल्पाकडे वळले. शेजारच्या जमिनींच्या मानाने आपल्याला फारच तुटपुंजा मोबदला मिळाला, शेतातील आंब्याच्या झाडांची योग्य नोंद झाली नाही, ही तक्रार घेऊन तेथील एक वयोवृद्ध शेतकरी वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली. अधिकारी बंधूंनी ही घटना राजकारणाच्या चष्म्यातून न पाहता नोंदवहीच्या दृष्टीने पाहावी. झाडे, विहीर, बांध, जलवाहिनी यांची मोजणी मालकासमक्ष झाली, त्याला वाचून दाखविली, त्याची प्रत त्याच्या हाती पडली, एवढे साधे काम वेळेवर झाले असते तर?

वाट, पाणी आणि सावली

पॅनेलमुळे पाऊस पळतो किंवा त्यांतून अपायकारक किरण निघतात, अशा वावड्या अनेक गावांतून ऐकू येतात. त्यांत तथ्य नाही. खऱ्या अडचणी फार साध्या आहेत आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पहिली कुंपणाची. तारेचे कुंपण पडले की पिढ्यान्‌पिढ्यांची पाणंद बंद होते आणि पलीकडच्या शेतकऱ्याला बैलगाडी घेऊन मोठा वळसा पडतो. वहिवाटीची वाट नकाशात नसली, तरी भाडेपट्ट्याच्या चतुःसीमेत तिचा उल्लेख करून ती मोकळी ठेवण्याची अट घालता येते. दुसरी अडचण पावसाच्या पाण्याची. पॅनेलवर पडलेले पाणी मातीत न मुरता खालच्या कडेवरून एका ओळीत कोसळते. जमीन सपाट करताना लहान ओहोळ बुजविले असतील तर पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या शेताचा बांध फुटतो. म्हणून ओढ्या-नाल्यांपासून अंतर सोडणे, समपातळीवर चर काढणे व पॅनेलखाली गवत राखणे या तीन गोष्टी बांधकामापूर्वीच्या आराखड्यातच पाहाव्यात. तिसरी अडचण धुण्याच्या पाण्याची. एका मेगावॅटची पॅनेले एकदा धुवावयास हजारो लिटर पाणी लागते. टँकर येणाऱ्या गावात त्यासाठी नवी कूपनलिका खोदली जात असेल, तर तेलंगणात २००२ च्या जल, भूमी व वृक्ष अधिनियमाखाली परवानगी आहे का, हे विचारण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे. कोरड्या झाडणीची यंत्रेही आता मिळतात. त्यांचा आग्रह धरावा.

सुपीक जमीन पॅनेलखाली जाऊ द्यावी की नाही, हा प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. इटलीने २०२४ मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगत पॅनेल बसविण्यावर बंदी आणली. उंचावर बसवून खाली पीक घेणाऱ्यांना वाट मोकळी ठेवली. जपानने २०१३ पासून अशा दुहेरी शेतीस परवानगी दिली, पण तिची मुदत प्रथम तीनच वर्षांची ठेवली, म्हणजे खाली खरोखर पीक निघते की नाही हे पुन्हा तपासता यावे. आपल्या 'कुसुम' योजनेतही पिकाच्या जमिनीवर खांब उंच ठेवून खाली शेती करण्यास वाव आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पॅनेलखालील पिकांचे प्रयोग चालू आहेत. उंच सांगाड्याचा खर्च अधिक येतो हे खरे, तरी आपल्या भागातील शेतकऱ्यांनी ते समक्ष पाहावेत. जमीन मुळीच न घेण्याचाही मार्ग आहे. रामगुंडम येथे राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाने २०२२ मध्ये १०० मेगावॅटचा तरता प्रकल्प पूर्ण केला. त्याची ४० खंडांत विभागलेली पॅनेले जलाशयाच्या सुमारे ५०० एकर पृष्ठावर पसरली आहेत. प्रत्येक गावाजवळ असा जलाशय नसतो, आणि जेथे मासेमारीवर घरे चालतात तेथे पाण्याचाही भाडेपट्टा भूमीइतकाच विचारपूर्वक द्यावा लागेल.

शेवटचा प्रश्न पंचविसाव्या वर्षाचा आहे. पॅनेले उतरविल्यावर सिमेंटचे पाये कोणी उपटावयाचे, फुटक्या काचा कोणी न्यावयाच्या? २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, सौर पॅनेलांच्या उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. परंतु तुमच्या शेतातील पाया हा त्या नियमांचा विषय नव्हे. जमीन पूर्ववत करून देण्याचे कलम, त्यासाठी आरंभीच ठेवावयाची अनामत रक्कम, आणि कंपनीने प्रकल्प दुसऱ्यास विकल्यास हीच बंधने नव्या मालकावर राहतील असे वाक्य, या तीन गोष्टी करारात नसतील तर सही लांबणीवर टाकावी. कंपनीला कर्जासाठी आपला भाडेहक्क तारण ठेवता येतो. मूळ मालकी हक्क तारण ठेवण्याची मुभा मात्र तिला चुकूनही देऊ नये. करार तेलुगू किंवा इंग्रजीत असल्यास त्याचे मराठी भाषांतर ग्रामसभेत मोठ्याने वाचावे, आणि नोंदविलेल्या कराराची एक प्रत मालकाच्या संमतीने ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवून तिची नोंद आवक वहीत तारखेसह करून घ्यावी.